कंपनीच्या कचेरीतला स्वातंत्र्याचा वकील

मागच्या अंकात मतस्वातंत्र्याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी एकोणिसाव्या शतकातल्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचं नाव घेतलं आणि ‘या विषयात त्याला अजून तोड नाही’ असं लिहून पुढे गेले. त्या एका वाक्यावर जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी माझ्याशी भांडणारी आहेत. भांडण चांगलं आहे, म्हणून या महिन्याचं सगळं सदर मिललाच दिलं आहे. माझी नोकरी सातारा जिल्ह्यात पाश्चात्त्य राजकीय विचारांचा पेपर शिकवण्यात गेली. त्या पेपरातल्या विचारवंतांत मी सर्वांत जास्त प्रेम मिलवर केलं आणि सर्वांत जास्त रागही मला त्याचाच आला. उत्तरांत दोन्ही दिसेल.

मिलला तिसऱ्या वर्षी ग्रीक शिकवलं हे खरं आहे का? आणि इतका बुद्धिमान माणूस विसाव्या वर्षी खचला, तो कशामुळे?
*बी.ए.ची विद्यार्थिनी, लातूर*

खरं आहे. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्याचा जन्म २० मे १८०६ चा, लंडनमधल्या पेंटनव्हिलचा. नऊ भावंडांत हा थोरला. वडील जेम्स मिल त्या काळात ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहीत होते. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न टाकता लिहिलेला हा ग्रंथ १८१७ साली बाहेर आला. आता तू ते घर डोळ्यांपुढे आण. एकच टेबल, त्याच्या एका बाजूला बाप इतिहास लिहितो आहे आणि दुसऱ्या बाजूला पोरगं ग्रीक धडा घेऊन बसलं आहे. ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा कोश हाताशी नव्हता. जो होता तो अर्थ लॅटिनमध्ये द्यायचा, आणि लॅटिन तर आठव्या वर्षी सुरू व्हायचं होतं. म्हणजे अडलेला प्रत्येक शब्द बापालाच विचारायचा. जेम्स मिल हा अत्यंत उतावळा माणूस. तरी त्याने दर शब्दाला हातातलं लेखन थांबवून अर्थ सांगितला आणि तशातच इतिहासाचे खंड पुरे केले. मिलने हे कृतज्ञतेने लिहिलं आहे. सकाळी बापलेक फिरायला जायचे, तेव्हा आदल्या दिवशी काय वाचलं ते मुलाने चिठोऱ्यांवरची टिपणं बघत सांगायचं. लॅटिन आल्यावर ते धाकट्या बहिणींना शिकवायची जबाबदारी याच्याच गळ्यात, आणि त्यांना आलं नाही तर बोलणीही यालाच. सुट्टी नाही, बरोबरीचे सवंगडी नाहीत.

खचण्याचं म्हणशील, तर ते १८२६ च्या शरद ऋतूत झालं. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅमचा उपयुक्ततावाद हा त्या घराचा धर्मच होता: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. त्यासाठी झटायचं हे पोराच्या मनावर पक्कं ठसवलेलं. एके दिवशी त्याने स्वतःला विचारलं, समज, तुला हव्या असलेल्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या, तर तुला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. पुढचे कित्येक महिने तो कोरडा ठणठणीत होऊन कामं उरकत राहिला. वडिलांशी बोलायची सोय नव्हती, कारण आपण आखलेलं शिक्षण फसलं हे त्यांना कळवून काय मिळणार, असं त्याला वाटलं. मग मार्मोन्तेल नावाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना एक प्रसंग आला. वडील वारले आहेत, आणि लहान मुलगा ठरवतो की घरच्यांसाठी वडिलांची जागा आता मी घेईन. ते वाचून मिलला रडू फुटलं आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण दगड झालेलो नाही. पुढे १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थची कविता हाती आली आणि तिने त्याला आणखी सावरलं.

याचा त्याच्या विचारांवर थेट परिणाम झाला, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. सुख सुख म्हणून त्याच्या मागे धावणाऱ्याला ते मिळत नाही, मन दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं असेल तर वाटेत सापडतं, हे त्याने तिथून घेतलं. माणूस म्हणजे बाहेरून आखून दिलेल्या नकाशाप्रमाणे चालवायचं यंत्र नव्हे, त्याला आपल्या आतल्या ओढीप्रमाणे वाढू द्यावं लागतं, हा ‘ऑन लिबर्टी’ या त्याच्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकातला मोठा विचार मला तरी त्या टेबलापाशी बसलेल्या पोराचाच वाटतो.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला नेहमी लागते. ज्याने पुढे स्त्रियांच्या पारतंत्र्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्या छापील आत्मचरित्रात आई नाही. बाप पानोपानी आहे. नऊ मुलं वाढवणारी बाई मात्र कुठेच नाही.

स्वातंत्र्याचा एवढा मोठा पुरस्कर्ता पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावर जगला. आपल्याला गुलाम करणाऱ्यांच्या नोकराकडून आपण स्वातंत्र्य शिकायचं?
*निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक*

आपल्या पत्रातला राग मला परका नाही. म्हणून आधी त्याची नोकरी काय होती ते नीट पाहू.

मे १८२३ मध्ये, सतरावं वर्ष पूर्ण होताच, मिल लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये रुजू झाला. वडील तिथेच वरच्या हुद्द्यावर होते. खातं पत्रव्यवहाराचं. कलकत्ता, मद्रास, मुंबईहून कागदपत्रांचे गठ्ठे बोटीने यायचे. ते वाचून संचालकांच्या वतीने जाणाऱ्या उत्तराचा मसुदा करायचा. मसुदा आधी कंपनीच्या अध्यक्षांकडे, मग सरकारच्या नियंत्रण मंडळाकडे जायचा. तिथे काटछाट व्हायची आणि संचालकांच्या सह्या होऊन तो बोटीवर चढायचा. १८३६ पासून पुढची वीस वर्षं मिलकडे संस्थानिकांशी असलेल्या व्यवहाराचा पत्रव्यवहार होता. म्हणजे कोणत्या गादीवर कोण बसणार, कोणाचा तनखा किती, संस्थानात नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने, म्हणजे रेसिडेंटाने, कोठवर हात घालायचा, हे सगळं. बापाप्रमाणेच हाही कधी हिंदुस्थानात आला नाही. १८५६ मध्ये तो खात्याचा प्रमुख झाला. दोन वर्षांनी कंपनीचं राज्य गेलं, तेव्हा कंपनीच्या बचावाचा अर्ज याच्याच लेखणीतून उतरला. नव्या कौन्सिलात जागा देऊ केली होती, ती त्याने नाकारली.

आता साताऱ्याकडे या. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथे तळ ठोकून राहिले. परकी थंडी, उसनवारीचे पैसे, आणि दाद मागायची ती लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या भागधारकांपुढे आणि संचालकांपुढे. त्याच इमारतीत, त्याच वर्षांत, संस्थानिकांच्या पत्रव्यवहाराच्या टेबलावर मिल बसलेला होता. दोघे एकमेकांशी बोलले असं मी म्हणत नाही. पण एकीकडे न्यायाच्या आशेने जिने चढणारा आमचा माणूस आणि दुसरीकडे पुढे स्वातंत्र्यावर जगातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक लिहिणारा कारकून, हे दोघे एका छपराखाली होते ही गोष्ट साताऱ्यात शिकवताना मला कधी टाळता आली नाही. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीलाच गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे धाकटे भाऊ शहाजीराजे वारले, त्यांचं दत्तकविधान कंपनीने मानलं नाही आणि सातारा खालसा झालं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. सत्तावन्नच्या उठावात त्यांच्या मुलाला, सीतारामला, इंग्रजांनी मारलं. ते स्वतः निसटले आणि पुढे कोणाच्या हाती लागले नाहीत.

मिलचं या प्रकारच्या खालसा धोरणाविषयी मत काय होतं? १८६६ मध्ये जॉन मॉर्ले या इंग्रज लेखकाला लिहिलेल्या पत्रात त्याने ते सांगितलं आहे. राजपुतांची संस्थानं ही खरी देशी, त्यांना परंपरा आणि लोकभावना आहे, वारस नाही म्हणून ती घेऊ नयेत. पण मराठ्यांची बहुतेक संस्थानं अलीकडच्या विजयांतून उभी राहिलेली, तिथले राज्यकर्ते लोकांना जवळजवळ आपल्याइतकेच परके. तिथे दत्तक हा हक्क नव्हे, चांगल्या कारभाराचं बक्षीस म्हणून द्यावा. महाराष्ट्र न पाहिलेल्या माणसाने हे लिहिलं. कागदांचे गठ्ठे कितीही वाचले तरी साताऱ्याच्या गादीविषयी इथल्या शेतकऱ्याच्या मनात काय आहे ते त्या गठ्ठ्यांत येत नव्हतं, कारण ते गठ्ठे बांधणारे रेसिडेंट होते.

आणि ‘ऑन लिबर्टी’च्या पहिल्याच प्रकरणात ते कलम आहे. माझं हे स्वातंत्र्याचं तत्त्व मुलांना लागू नाही, आणि जे समाज अजून अज्ञान दशेत आहेत त्यांनाही नाही. अशा रानटी लोकांसाठी त्यांच्या सुधारणेच्या हेतूने चालवलेली एकतंत्री सत्ता योग्यच. त्यांच्या नशिबी एखादा अकबर किंवा शार्लमेन आला तर त्यांनी त्याची निमूट आज्ञा पाळावी. हे वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचायची. दर वर्षी वर्ग गप्प व्हायचा.

मग वाचायचं का? माझं उत्तर त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. तिथे मिल म्हणतो की एक माणूस सोडून सगळी मानवजात एका मताची असली, तरी त्या एकाचं तोंड बंद करण्याचा तिला अधिकार नाही. दुसऱ्याचं तोंड बंद करणारा ‘मी चुकूच शकत नाही’ असं धरून चालतो, आणि तसं धरण्याचा हक्क कोणालाच नाही. आता हा युक्तिवाद उचलून त्या कलमावर ठेवा. अमुक समाज अजून वयात आलेला नाही हे ठरवणार कोण? लेडनहॉल स्ट्रीट. त्या समाजाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची मुभा आहे का? नाही. म्हणजे दुसऱ्या प्रकरणातला मिल पहिल्या प्रकरणातल्या कारकुनाला खोडून काढतो. आपल्या आधीच्या लोकांनी त्याला असाच वाचला. पुढच्या एका उत्तरात ते येईलच.

न्यायाने हेही सांगायला हवं की त्याच मिलने १८६१ मध्ये लिहिलं: एका लोकांनी दुसऱ्या लोकांवर राज्य करणं असं खरं काही नसतंच. फार तर ते त्यांना पैसे कमावायची जागा म्हणून, माणसांचा गोठा म्हणून ठेवतील. आणि १८६५ मध्ये जमैकात गव्हर्नर आयरने लष्करी कायदा पुकारून चारशेंहून अधिक कृष्णवर्णीय माणसं मारली, तेव्हा त्याच्यावर खुनाचा खटला भरा म्हणून झटणाऱ्या समितीचा अध्यक्ष मिलच होता. खटला उभा राहिला नाही. मिलला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं मात्र आली. हा सगळा माणूस एकच आहे.

हॅरिएट टेलरने मिलची पुस्तकं लिहिली असं एका व्याख्यानात ऐकलं. दुसऱ्या पुस्तकात वाचलं की मिल प्रेमापोटी तिला उगाच मोठेपणा देत होता. खरं काय?
*माध्यमिक शिक्षिका, कोल्हापूर*

दोन्ही टोकं सोडून द्या. दोघांची ओळख १८३० ची. हॅरिएट विवाहित, नवरा जॉन टेलर औषधांचा घाऊक व्यापारी, दोन मुलगे, पुढच्या वर्षी मुलगी हेलन झाली. पुढची जवळजवळ वीस वर्षं या दोघांचा सहवास राहिला आणि लंडनच्या तोंडाला कुलूप नव्हतं. १८४९ मध्ये टेलर कर्करोगाने गेला. शेवटच्या दुखण्यात हॅरिएटनेच त्याची सेवा केली. १८५१ मध्ये तिने आणि मिलने लग्न केलं.

लग्नाआधी, ६ मार्च १८५१ ला, मिलने एक निवेदन लिहून ठेवलं. ते मला त्याच्या कोणत्याही ग्रंथाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची मिळकत, कमाई, मुलांवरचा ताबा, सगळं नवऱ्याचं. मिलने लिहिलं की या कायद्याने मला पत्नीच्या देहावर, मालमत्तेवर, वागण्याच्या स्वातंत्र्यावर जी सत्ता मिळते तिचा मी निषेध करतो. ती टाकून देण्याचा कायदेशीर मार्ग मला उपलब्ध नाही, म्हणून ती कधीही न वापरण्याचं मी वचन देतो. लग्न झालंच नसतं तर तिला जे स्वातंत्र्य असतं ते सगळं तिचं राहील. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात. त्यात असं एखादं कलम कोणी घालून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता लेखनाचं. स्त्रियांच्या मताधिकारावरचा १८५१ चा ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’तला लेख हॅरिएटचा. घरात बायकामुलांना मारहाण करणाऱ्यांना न्यायालयं किरकोळीत सोडतात, यावर वृत्तपत्रांत निनावी आलेली पत्रं दोघांची मिळून लिहिलेली. ‘ऑन लिबर्टी’चं वाक्यन्‌वाक्य दोघांनी पुन्हापुन्हा एकत्र बसून तपासलं, असं मिल सांगतो. नोव्हेंबर १८५८ मध्ये दोघं दक्षिण फ्रान्सला निघालेली असताना ॲव्हिन्योंच्या हॉटेलात ती गेली. मिलने तिथल्या स्मशानाजवळ घर घेतलं आणि ती ज्या खोलीत गेली त्या खोलीतलं सामान हॉटेलकडून विकत घेऊन त्या घरात मांडलं. पुस्तक फेब्रुवारी १८५९ मध्ये निघालं ते तिला अर्पण होऊन. शेवटचा हात दोघांनी फिरवायचा होता, तो राहिला. मग त्याने एकट्याने त्यात काहीही बदल केला नाही.

टीकाकार म्हणतात, आंधळं प्रेम. मला त्यात जुनीच खोड दिसते. दोन पुरुषांनी मिळून लिहिलं तर आपण विचारत नाही की एकाने दुसऱ्याला उगाच श्रेय दिलं का.

‘हानी तत्त्वा’वर परीक्षेत टीप येते. माझ्या भावना दुखावल्या म्हणजे माझी हानी झाली असं मिल धरतो का? सोप्या शब्दांत सांगाल का?
*बारावीचा विद्यार्थी, परभणी*

बाळ, आधी तत्त्व. एखाद्या माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध समाजाने जबरदस्ती करायची तर कारण एकच चालेल: त्याच्यामुळे दुसऱ्याची हानी होते आहे, ती थांबवायची. ‘त्याच्याच भल्यासाठी’ हे कारण पुरत नाही. त्याला समजवा, विनवा, वाद घाला, पण सक्ती नको.

आता भावना. मिल उदाहरण देतो ते धान्याच्या व्यापाऱ्याचं. ‘धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात’ असं वर्तमानपत्रात छापलं तर व्यापाऱ्याला ते कितीही झोंबो, कोणी अडवू नये. पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या, खवळलेल्या जमावापुढे उभं राहून ओरडून सांगितलं, तर शिक्षा होऊ शकते. वाक्य तेच आहे. फरक पडला तो जागेने आणि परिणामाने. मनाला लागणं ही हानी नव्हे, घर जळण्याची वेळ येणं ही हानी. हे एवढं उदाहरण नीट लिहिलंस तरी टीप पुरी होते.

तुला म्हणून आणखी थोडं सांगते. मिलच्या काळात हे प्रश्न पुस्तकी नव्हते. जुलै १८५७ मध्ये कॉर्नवॉलच्या न्यायालयाने टॉमस पूली नावाच्या, विहिरी खणणाऱ्या मजुराला एकवीस महिन्यांची कैद दिली. गुन्हा काय, तर त्याने एका फाटकावर ख्रिस्ती धर्माविषयी अपशब्द लिहिले. डिसेंबरात त्याला माफी मिळाली. मिलने हे प्रकरण पुस्तकात नोंदवलं आहे. पण त्याला सरकारी शिक्षेपेक्षा जास्त भीती वाटायची ती लोकांच्या शिक्षेची. राजाने छळलं तर निदान घरात लपता येतं. शेजारीपाजारी, भाऊबंद, जात, देऊळ यांनी वाळीत टाकलं तर पळायला जागाच उरत नाही, आणि माणूस हळूहळू वेगळा विचार करायचंच सोडून देतो. पुण्यात सनातन्यांनी गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तेव्हा कोणताही सरकारी कायदा आगरकरांच्या विरुद्ध नव्हता. आगरकर आपल्या टेंभूचे, कऱ्हाडजवळचे. मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेले. ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ हे त्यांच्या ‘सुधारका’चं ब्रीद तू पाठ्यपुस्तकात वाचलं असशील. ते बोलायला किती पडतं, हे त्या प्रेतयात्रेवरून समज.

मिल खासदार होता तेव्हा त्याने प्रत्यक्ष काय केलं?
*वाचक, मडगाव*

१८६५ ते १८६८, वेस्टमिन्स्टरचा खासदार. उभं राहताना त्याने सांगितलं की मी निवडणुकीवर पैसा खर्च करणार नाही आणि मतं मागत फिरणार नाही. कामगारांच्या सभेत विरोधकांनी त्याला त्याचंच जुनं वाक्य दाखवलं: इंग्रज कामगार खोटं बोलायला लाजतात, पण बोलतात खोटंच. हे तुम्ही लिहिलं का? मिल म्हणाला, ‘हो, लिहिलं.’ आणि सभेने टाळ्या वाजवल्या, कारण सारवासारव न करणारा उमेदवार त्या लोकांनी पाहिलेला नव्हता.

१८६६ मध्ये सुमारे दीड हजार स्त्रियांच्या सह्यांचा मताधिकाराचा अर्ज संसदेत द्यायचा होता. एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट ती भलीमोठी गुंडाळी घेऊन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आल्या. सगळे बघायला लागले म्हणून अवघडल्या आणि तिथल्या सफरचंदं विकणाऱ्या बाईला म्हणाल्या, ही जरा तुझ्या टेबलाखाली ठेव. मिलने तिथून ती घेतली आणि सभागृहात सादर केली. पुढच्या वर्षी २० मे ला मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकात ‘पुरुष’च्या जागी ‘व्यक्ती’ घालावा अशी दुरुस्ती त्याने मांडली. बाजूने ७३, विरुद्ध १९६. १८६८ च्या निवडणुकीत तो पडला.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. शिकलेल्यांना जास्त मतं द्यावीत आणि मतदान गुप्त नसावं, ही त्याची मतं मला साफ अमान्य आहेत. सावकाराच्या आणि पाटलाच्या देखत मत देणं म्हणजे काय, हे ज्या देशात ठाऊक आहे तिथे उघड मतदानाची वकिली कोणी करू नये.

बाबासाहेबांनी मिलचा आधार घेतला होता असं वडील सांगायचे. कुठे?
*वाचक, नागपूर*

वडिलांनी बरोबर सांगितलं. दोन जागा आहेत.

पहिली ‘जातिसंहार’, १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेलं भाषण. बाबासाहेब तिथे राजकीय सुधारणावाल्यांना घेरतात. एका देशाने दुसऱ्या देशावर राज्य करणं योग्य नाही हे मिलचं सूत्र प्रत्येक काँग्रेसवाला म्हणतो ना? मग एका वर्गाने दुसऱ्या वर्गावर राज्य करणंही योग्य नाही, हे त्याने कबूल केलंच पाहिजे. इंग्रजांना दाखवायला म्हणून जे हत्यार बाहेर काढलं होतं, ते बाबासाहेबांनी घरात फिरवलं. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्यापुढे मिल उभा करणं हे मिलने स्वप्नातही आणलं नसेल, पण त्याचा युक्तिवाद तिथवर पोचतो, आणि पोचवणारा आपला माणूस होता.

दुसरी जागा संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. घटना तयार झाली, आता ती टिकायची कशी, या भागात बाबासाहेब मिलचा इशारा सांगतात: कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायांशी वाहू नका, आणि संस्था उलथवता येतील इतकी सत्ता त्याच्या हाती देऊ नका. मूळ वाक्य मिलच्या १८६१ च्या प्रातिनिधिक शासनावरच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातलं आहे. मूळ जागी मात्र मिल वेगळं काही सिद्ध करत होता. असं करणारे लोक स्वातंत्र्याला कमीअधिक अपात्रच, असा त्याचा रोख होता. बाबासाहेबांनी ती पात्रता-अपात्रतेची भाषा टाकून दिली आणि धोक्याची सूचना तेवढी ठेवली. पुढे स्वतःची भर घातली: धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. नाशिकच्या वाचकांनी हे उत्तर जरूर वाचावं. कंपनीच्या नोकराकडून काय घ्यायचं आणि काय टाकायचं, याचा याहून नेमका नमुना मला माहीत नाही.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?
*गाव ग्रंथालयाचे ग्रंथपाल, वाई*

आत्मचरित्राने. त्यात पहिली पाच प्रकरणं आधी वाचा, पुढची राजकीय धावपळ नंतर. मग ‘ऑन लिबर्टी’, पण दुसऱ्या प्रकरणापासून, आणि ते झाल्यावर पहिलं. ‘स्त्रियांचं पारतंत्र्य’ हा १८६९ चा ग्रंथ त्यानंतर घ्या, आणि त्याच बैठकीत ताराबाई शिंद्यांची १८८२ ची ‘स्त्रीपुरुष तुलना’ काढा. मिल युक्तिवाद रचत जातो, बुलढाण्याच्या ताराबाई थेट जाब विचारतात. ग्रंथालयात वाचक मंडळ असेल तर दोन्हींतली दहा-दहा पानं एकाच संध्याकाळी मोठ्याने वाचायला ठेवा. बायका जास्त आल्या तर ताराबाईंपासून सुरू करा.